नववी ओळ, तेविसावी वेल

"एवढं मोठं भेंडोळं कशाला दिलंय? कुणाच्या लग्नाची गाडी सजवायचीय का?" सोलांजने पिवळ्या फितीचं भेंडोळं ओदिलच्या नाकासमोर नाचवलं. "चौदाशे वेली. त्यात चार निघाल्या तरी डोक्यावरून पाणी. उरलेल्या फितीची मी बाई न्हाणीघराच्या पडद्याला झालर लावणार."

ओदिल हसली नाही. एरवी ती सोलांजच्या विनोदाला उशिरा का होईना, हसायची. आज तिने नुसती फितीची कड नखाने सोडवली आणि खिशातली कात्री चाचपली.

द्राक्षतोडणी उरकली की सप्टेंबरात एके सकाळी मोंरवाल गावातलं झाडून सगळं माणूस मळ्यांत उतरतं. दोघादोघांच्या जोड्या करून, एकेक ओळ चालत, एकेक वेल बघत, रोग शोधायचा. दिसला की खोडाला फीत बांधायची. आपल्या मळ्यात आपण शोधायचं नाही असा नियम आहे, कारण आपलं पोर आजारी आहे हे आईला सगळ्यांत शेवटी पटतं. पण ओदिल कुठे मालकीण होती? चौतीस वर्षं ओर्मो नावाच्या मळ्याची छाटणी तिची, बांधणी तिची, उन्हाळ्यात तारांमध्ये काड्या खोवणं तिचं. कागदावर मात्र ती मजूर. म्हणून पंचायतीच्या दाराला लावलेल्या यादीत कुणीतरी सरळ लिहून टाकलं होतं: ओर्मो, ओदिल आणि सोलांज. ते वाचून ओदिलने हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला होता. पेला अर्धा भरलेला होता.

ओर्मो म्हणजे टेकडीच्या कमरेवरचा लहानसा तुकडा. सव्वीस ओळी. वरच्या बांधाला कधीकाळी नऊ एल्मची झाडं होती; एल्मला इथे ओर्म म्हणतात, त्यांच्यावरून हे नाव. झाडं गेली, नाव राहिलं. मळ्याचा मालक एतिएन, त्याचे वडील रेमों, आता शहाऐंशीचे, त्यांनी ओदिलला पहिल्याच हिवाळ्यात ती गोष्ट सांगितली होती. एका जूनमध्ये एका एल्मची एक फांदी वाळली. सगळ्यांना दिसली. कुणी बोललं नाही. तिसऱ्या वर्षी नऊच्या नऊ झाडं सरपणाला गेली. "लाकूड मात्र छान जळलं," म्हणाले होते रेमों, आणि पुढच्या वेलीकडे वळले होते.

इथल्या वेली रेमोंच्याच वयाच्या. ते पाळण्यात होते तेव्हा त्यांच्या आजोबांनी लावलेल्या. खोडं पिळवटलेली, पोकळ, मूठभर घड देणारी. वर्षाला जेमतेम दोन पिंपं पांढरी वाइन. ती दूरदूर जाते, मोठी माणसं ती लहान घोटांनी पितात, असं ओदिलने ऐकलं होतं. तिच्या वाट्याला नाताळात एक बाटली यायची. ती फार गार न करता, बाटली घेऊन ओदिल एकटीच टेबलाशी बसायची. आधी यायचा चकमक घासल्यासारखा वास. मग भाजल्या बदामाचा. मग बराच वेळ काहीच नाही, आणि घोट गिळून झाल्यावर, पेला खाली ठेवल्यावर, जिभेच्या कडांवर मीठ. त्या मिठाची वाट बघत ती बसायची. तिला वाटायचं, माझ्या चौतीस वर्षांतलं थोडं तरी यात असणार. दुसरीकडे कुठे गेलं म्हणायचं?

पहिल्या पाच ओळी स्वच्छ निघाल्या.

"झालर लांब होणार," सोलांज म्हणाली.

सहाव्या ओळीत दोन. सातव्यात अकरा. पानं पिवळी पडून कडा खाली वळलेल्या, पानाने मूठ मिटून घ्यावी तशा. काड्या या दिवसांत पिकून तपकिरी, कडक व्हायला हव्यात; या हिरव्या, रबरासारख्या, जमिनीकडे लोंबणाऱ्या. घडाच्या जागी वाळकी देठं. कागदावर या रोगाचं नाव फार देखणं आहे, सोनेरी पिवळी. गावात कुणी पूर्ण नाव घेत नाही. 'ती' म्हणतात. तिची एक चुलत बहीण आहे, काळं लाकूड. दिसायला हुबेहूब तीच, पण जरा सभ्य, शेजाऱ्याकडे न जाणारी. कोण कोण ते प्रयोगशाळाच सांगू शकते. हिला मात्र बारीकसे तुडतुडे वेलीवरून वेलीवर नेतात, आणि मळ्यातली पाचातली एक वेल हिची निघाली की सगळा मळा मुळापासून उपटायचा, असा कायदा आहे.

आठव्या ओळीत सोलांजने बोलणं बंद केलं. ती बोलत नाही हेच भयंकर होतं. टीचभर त्या मळ्यात आता फक्त फीत फाटल्याचा आवाज, आणि वाऱ्यावर आधीच्या फितींची फडफड.

"ऊन फार होतं यंदा," ओदिल म्हणाली. तिचं तिलाच ते खोटं वाटलं.

"हो का," सोलांज म्हणाली.

नववी ओळ. ओदिलला मोजायची गरज नव्हती. तेविसाव्या वेलीचं खोड गुडघ्याएवढ्या उंचीवर वाकलेलं होतं, आणि त्या वाकात ती चौतीस वर्षं जेवणाची पिशवी अडकवत आली होती. दोन वर्षांपूर्वी असंच, शोधणीच्या आठवडाभर आधी, पिशवी काढताना तिला वरची तीन पानं दिसली होती. पिवळी. मिटलेली.

तेव्हा तिने इकडेतिकडे पाहिलं होतं. मळ्यात कुणी नव्हतं. तिने त्या वेलीच्या सगळ्या काड्या बुडापासून कापल्या, पिशवीत कोंबल्या आणि घरी चुलीत घातल्या. गेल्या वर्षी तशाच चौदा वेली निघाल्या. चौदाही कापल्या. चुलीला तीन दिवस लाकूड पुरलं. यंदा ऑगस्टमध्ये ती कात्री घेऊन आली, सातव्या ओळीपासून पंधराव्यापर्यंत चालत गेली, आणि एकही काडी न कापता परत फिरली. एवढं लपवायला पिशवी नव्हती.

सोलांज तेविसाव्या वेलीसमोर उकिडवी बसली होती. फीत बांधायला म्हणून बसली, आणि तशीच राहिली. तिचा अंगठा खोडाच्या डोक्यावरून फिरत होता.

मोंरवालमध्ये माणसाचं अक्षर कुणी ओळखो न ओळखो, छाटणी ओळखतात. कुणाचा काप तिरका, कुणाचा डोळ्याच्या, म्हणजे फुटव्याच्या कोंबाच्या, फार जवळ, कोण घाई करतं, कोण रात्री भांडून आलं होतं, सगळं खोडावर लिहिलेलं असतं. ओदिलचा काप स्वच्छ म्हणून नावाजलेला. हिवाळ्यात ती दोन डोळे राखून छाटते. या खोडावर डोळे राखलेच नव्हते. काडी बुडातून, सपाट, पिकायच्या आधी कापलेली. जखम काळी पडून आत दबली होती. आणि तिच्या शेजारी तसाच, एका वर्षाने ताजा, दुसरा काप.

"हे हिवाळ्यातलं नाही," सोलांज म्हणाली.

ओदिलने हातातली फीत बोटाला गुंडाळली.

"हे पानं असताना कापलंय." सोलांजने वर पाहिलं. "किती वर्षं, ओदिल?"

"दोन."

"दोन." तिने मान हलवली, भाजीवाल्याने भाव सांगितल्यावर हलवावी तशी. मग ती उठली, गुडघे झटकले, आणि खालच्या दगडी बांधाकडे पाहत राहिली. बांधापलीकडचा तुकडा तिचा. नवऱ्याच्या माघारी तिने स्वतःच्या हाताने लावलेल्या सहाशे वेली, तीन वर्षांच्या. यंदा त्यांना पहिला घड आला होता. तेव्हा सोलांजने अख्ख्या गावाला एकेक मणी चाखवला होता, बारशाचा पेढा वाटावा तसा.

"माझी पोरं तिथे आहेत गं," ती म्हणाली. "बांधाला दार नसतं."

"मला वाटलं—"

"काय वाटलं? बरी होईल? तुला वाटलं? तुला? मला वाटलं असतं तर मी समजू शकते, मी मूर्ख बाई आहे, सगळ्या गावाला माहितीय. पण तू?"

"एतिएनला निमित्त हवं होतं," ओदिल म्हणाली. "तो माणूस घेऊन फिरत होता इथे, चकचकीत बुटांचा. म्हाताऱ्या वेली उपटा, नव्या लावा, दुप्पट माल येईल, म्हणून सांगत होता तो. एक जरी आजारी निघाली असती तर…"

"तर एक उपटली असती," सोलांज म्हणाली. "एक."

त्यानंतर त्यांनी दुपारपर्यंत काम केलं. सोलांज डावीकडची बाजू, ओदिल उजवीकडची. फक्त आकडे बोलले जात होते. शेवटची ओळ बांधालगतची होती. तिच्या तोंडाशी सोलांज थांबली, बाटली काढली आणि बांधावर पाठ करून बसली.

"मी पाणी पिते. ही तू एकटी बघ."

ते दयेने म्हटलं होतं की रागाने, ओदिलला कळलं नाही. बहुधा सोलांजलाही. ओळीत चोपन्न वेली होत्या आणि बघायला कुणी नव्हतं. ओदिलने सोळा फिती बांधल्या. प्रत्येक गाठ दोनदा मारली. परत आली तेव्हा सोलांज बांधापलीकडे, आपल्या पोरांत शिरली होती, आणि तिच्या हातातलं भेंडोळं पुष्कळ बारीक झालं होतं.

"किती?" ओदिलने विचारलं.

"अकरा," सोलांज म्हणाली. "तुझ्या?"

"तीनशे बारा."

"मी पंचायतीत कागद देते," सोलांज म्हणाली. "कापांचं मी बोलणार नाही. ते तू बोल."

एतिएन तळघरात होता. चाळिशीचा माणूस, पण पिंपाला कान लावून उभा राहिला की दहा वर्षांचा दिसायचा. आतून रस खदखदत होता, लांबच्या खोलीत कुणी झोपेत बोलावं तसा. ओर्मोची यंदा दोन पिंपं नव्हती. एक पिंप होतं, आणि त्याच्या शेजारी अर्ध्या आकाराचं एक, पाहुण्यासारखं संकोचून ठेवलेलं.

"या, ओदिल. किती निघाल्या?"

"तीनशे बारा."

तो पिंपापासून दूर झाला नाही. चौदाशेचा पाचवा हिस्सा किती, हे इथे कुणाला कागदावर मांडावं लागत नाही.

"तपासणी व्हायचीय अजून," तो म्हणाला. "काळं लाकूडही असेल."

"असेल."

"तुमचा विश्वास आहे?"

"नाही."

मग तिने सांगितलं. तीन पानं, तेविसावी वेल, पिशवी, चूल, चौदा. तिने आवाज खाली घेतला नाही आणि कारणही सांगितलं नाही. सांगून झाल्यावर आपले हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना, म्हणून तिने ते ॲप्रनच्या खिशात घातले. तिथे कात्री होती. हात परत बाहेर आले.

एतिएनने काचेची नळी घेतली, पिंपाचं बूच काढलं, आणि दोन पेल्यांत बोटभर बोटभर रस सोडला. गढूळ, कोमट, अजून धड रस नाही, धड वाइन नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला निमित्त हवं होतं, एतिएन."

त्याने पेल्यातला रस एकदा गोल फिरवला.

"हो," तो म्हणाला. "हवं होतं." आणि मग, "तोडणीच्या दिवशी मी ओर्मोत उभा होतो. आठवतंय? पिवळी पानं समोर दिसत होती, आणि मी माणसांना ओरडून सांगत होतो, ऊन लागलंय, ऊन लागलंय. कुणी विचारलं होतं मला? कुणीही नाही. इतक्या मोठ्याने कशाला ओरडत होतो मी?"

ओदिलने घोट घेतला. गोड, मग आंबट, मग यीस्टचा वास. मीठ यायला अजून वर्ष होतं. ती तरीही थोडा वेळ थांबली.

"गावाला काय सांगायचं?" तिने विचारलं.

"खरं. सोलांजची पोरं आहेत खाली." त्याने दोन्ही पेले पालथे घातले. "पण बाबांना तुम्ही सांगा. माझ्याच्याने नाही होणार. मला ते अजून नाक पुसायला लावतात."

रेमोंची खुर्ची वरच्या मजल्याच्या खिडकीत असायची. तिथून ओर्मो ताटात वाढल्यासारखं दिसायचं. मांडीवर घोंगडी, घोंगडीवर मांजर.

"काय गं, आज ओर्मोत जत्रा भरलीय का?" ते म्हणाले. "सकाळपासून पिवळं पिवळं फडफडतंय."

ओदिल त्यांच्याशेजारी उभी राहिली आणि बाहेर पाहत बोलली. त्यांच्याकडे बघून सांगणं तिला जमलं नसतं. सांगून झालं. मांजर उठलं, फिरलं आणि पुन्हा बसलं.

"कितवी ओळ?"

"नववी, मालक."

"पिशवीची?"

"हो. पिशवीची."

रेमोंनी मान डोलावली. त्यांचा हात घोंगडीवर उघडमिट करत होता, कात्री चालवल्यासारखा. अलीकडे तो झोपेतही तसा चालायचा.

"एल्मची ती पहिली फांदी," ते म्हणाले, "मी गुपचूप कापली होती. बाप झाड तोडेल म्हणून. तुला सांगितलं होतं का मी?"

"नाही. कुणी बोललं नाही एवढंच सांगितलं होतंत."

"मग सांगायला हवं होतं," म्हातारा म्हणाला.

खाली अंगणात कुणीतरी पिंप धूत होतं.

"या थंडीत छाटणी करशील ना?"

"मार्चमध्ये उपटायच्यात मालक. कायदा आहे."

"ते मार्चमध्ये. डिसेंबरात काय करणार आहेस? स्वेटर विणणार?"

ऑक्टोबरात प्रयोगशाळेचा कागद आला. काळं लाकूड नव्हतं. गावाने ओदिलविषयी जे बोलायचं ते पावाच्या दुकानात बोलून घेतलं, आणि ती आत आली की हवामानाविषयी बोलायला लागलं. दोन घरांनी आपली छाटणी दुसऱ्या बाईला दिली. सोलांज रस्त्यात भेटली की मान हलवायची, थांबायची नाही. तिच्या मळ्यात अकरा खड्डे होते. वरून पाहिलं की पडलेल्या दातांसारखे दिसायचे.

डिसेंबरात ओदिलने ओर्मो छाटलं. चौदाशेच्या चौदाशे. प्रत्येक खोडावर दोन डोळे राखून, काप तिरका, कापातून झरणारं पाणी डोळ्यावर न येता दुसरीकडे वळेल असा. फितींना तिने हात लावला नाही. वाटेने जाणारे थांबून बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. नवव्या ओळीत तिने पिशवी तेविसाव्या वेलीच्या त्याच वाकात अडकवली आणि तिथेच उभ्याने पाव आणि चीज खाल्लं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यंत्र आलं. सकाळचे आठ वाजले होते, दहिवर अजून उतरलं नव्हतं. चालक परगावचा, तरणा, कामाला उतावळा. यंत्र नवव्या ओळीच्या तोंडाशी थडथडत उभं होतं.

"कुठून सुरू करू, मादाम?"

"थांब जरा," ओदिल म्हणाली.

लाकूड तिथेच जाळायचं होतं, बाहेर न्यायचं नाही असा नियम. पण या फिती प्लास्टिकच्या. जळल्या तर काळा, चिकट धूर, आणि वारा खालच्या बांधाकडे वाहत होता, सोलांजच्या कोवळ्या वेलींकडे. ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ओदिल सहाव्या ओळीत वाकली आणि पहिली गाठ सोडवायला लागली. घट्ट मारलेली गाठ, त्यावर सहा महिन्यांचं पाणी आणि गारठा. बोटं बधिर झालेली. कात्री खिशात होती, कापली असती तर पटकन सुटली असती. तिने काढली नाही.

"तीनशे आहेत म्हणे," चालकाने वरून ओरडून विचारलं. "सगळ्या सोडवणार?"

"तीनशे बारा."

त्याने यंत्र बंद केलं आणि सिगारेट पेटवली. शांतता एकदम अंगावर आली. वर रेमोंच्या खिडकीची झडप उघडी होती, पण खिडकीत खुर्चीची पाठ दिसत होती. ओदिल पहाटेच तिथे जाऊन आली होती. रेमों तिला म्हणाले होते, खुर्ची शेकोटीकडे फिरवून जा.

ती सातवी ओळ संपवून आठवीत शिरली. ॲप्रनचे खिसे फुगले होते, दोन्ही बाजूंनी पिवळं लोंबत होतं. कंबर मोडत आली तेव्हा तिला दुसऱ्या टोकाकडून फीत फाटल्याचा आवाज आला. बांधावरून एक बाई आत उतरली होती, आणि शेवटच्या ओळीपासून, दातांनी गाठ तोडत, वर येत होती.

"दोनदा कशाला मारल्यास गं गाठी?" सोलांज लांबूनच ओरडली. "पळून जाणार होत्या का?"

ओदिल हसली. उशिरा, पण हसली. मग डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने तसंच पुढच्या वेलीकडे वाकून गाठ शोधली.